श्रीखंडाच्या डब्यातल्या गोळ्या

प्रिय आई-बाबा,

परवा फोनवर बाबांवर केवढी ओरडले ना मी, मेडिकलवाल्याने दिलेली गुडघ्याची गोळी खाता म्हणून. ठेवल्यावर लाज वाटली, कारण मीच पाच महिने तेच करत होते.

इंटर्नशिपच्या नाइट लागल्या आणि डोकं दुखायला लागलं, मग आयबुप्रोफेन-पॅरासिटामॉलची एक गोळी, उतरलं की वॉर्डात, दुसऱ्या दिवशी परत. आधी आठवड्यातून दोनदा, मग जवळपास रोजच. आमच्याच ओपीडीत लाइन लावायची तर वेळ नाही आणि ज्या मॅडमनी व्हायवा (तोंडी परीक्षा) घेतली त्यांच्यासमोर पेशंट म्हणून बसायचं जीवावर येतं. हॉस्टेलवर तर सगळेच डॉक्टर! कुणाला ताप आला की ॲझिथ्रो 500, म्हणजे बॅक्टेरियावरचं अँटिबायोटिक, दोन दिवसांत बरं वाटलं की उरलेली गोळी वरच्या मजल्यावरच्या सर्दीवालीला, सर्दी व्हायरसची हे तिला पण माहीत, मला पण. व्हायवाआधी हात थरथरू नयेत म्हणून प्रोप्रॅनोलॉल घेणारे पण आहेत, दमा असेल तर ती घ्यायची नसते हे त्याच व्हायवात सांगतात.

शेवटी मॅडमकडे गेलेच. त्यांनी एवढंच विचारलं, महिन्यातून किती दिवस गोळी घेतेस? बोटं मोजली तर वीसच्या वर. साधी पेनकिलर महिन्यात 15 दिवस किंवा जास्त, अशी तीन महिन्यांच्या वर चालली की गोळीच डोकेदुखी धरून ठेवते, सेकंड इयरला फार्माकॉलॉजीत, औषधांच्या विषयात, वाचलंय मी हे, मार्क पण मिळालेत. बंद केल्यावर पहिला आठवडा फार वाईट गेला, आता ठीक आहे, काळजी करू नका.

पण बाबा, तुमचं वेगळं आहे. तुमच्या बीपीच्या गोळीत टेल्मिसार्टन आणि लघवी वाढवणारं औषध दोन्ही आहे, त्यावर रोज डायक्लोफेनॅक, तीच गुडघ्याची गोळी, म्हणजे किडनीवर तिहेरी मार, आणि दुखत काहीच नाही म्हणून कळतही नाही. गुडघ्याची गोळी आजपासून बंद, बीपीची मात्र चालूच ठेवा, आणि सोमवारी क्रिएटिनिन, म्हणजे किडनीची रक्ततपासणी, करून डॉक्टरांना दाखवा, गुडघ्याला काय घ्यायचं तेही त्यांनाच विचारा.

आई, तो श्रीखंडाचा डबा उपडा कर आणि प्रत्येक स्ट्रिपचा मागून, तारीख दिसेल असा फोटो पाठव. त्यात सॅम्पलच्या काही असतील बघ, दिवाळीत मीच मिरवत आणल्या होत्या. आधी त्या बाजूला काढ.

तुमची,
छोटी