धडधड वाढली की श्वास सावकाश सोडा

मा. संपादक, स.न.वि.वि.

यंत्रमाग थांबला, हप्ता थकला की रात्री छातीत धडधडतं आणि माणूस मोठमोठे श्वास ओढू लागतो. इथंच चुकतं. भराभर श्वासाने रक्तातला कार्बन डायऑक्साइड घटतो. चक्कर येते, बोटांना मुंग्या येतात, भीती आणखी वाढते. नाकाने ४ आकडे मोजत श्वास घ्या, ६ मोजत सोडा. पोट हलू द्या, खांदे नकोत. ५ मिनिटं पुरे. संध्याकाळनंतर चहा टाळावा. रातपाळीवाल्यांना अवघड आहे, तरीही. छातीतली कळ हाताकडे किंवा जबड्याकडे गेली तर मात्र थेट १०८.

दोन आठवडे झोप उडाली असेल तर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ वर फोन लावा, मोफत, दिवसरात्र. कारखानदारांना कळकळीची विनंती, हा नंबर पाण्याच्या माठाशेजारी रंगवा.

— समुपदेशक, सोलापूर