कॉलेज रोडच्या क्लासला नाही म्हणतेय

ती. आई-बाबांस,
सा. न. वि. वि.

फोनवर हा विषय पुढे सरकतच नाही. बाबा तापतात, मग आई मध्येच फोन घेते आणि "जेवलीस का?" वर बोलणं संपतं. म्हणून लिहितेय. नाशिकच्या कॉलेज रोडवरच्या क्लासची नोकरी मी घेत नाहीये, इथल्या शाळेतच राहतेय.

बाबा, तुमचा हिशोब मला मान्य आहे. शिक्षणसेवकाचे १८ हजार, त्यात इथली पेठ तालुक्यातली खोली, एसटी, पोरांच्या वह्या. आणि तीन वर्षं झाल्याशिवाय वेतनश्रेणी नाही. क्लासवाले पुष्कळ जास्त देतायत, वर घरचं जेवण. पण तिथली मुलं बीजगणित-भूमितीच्या ८० पैकी ७५ कुणाकडूनही मिळवतील. इथे नववीतल्या निम्म्या मुलांना हातच्याची वजाबाकी येत नाही. आठवीपर्यंत वर ढकलत आणलेली पोरं ही. त्यांना तिसरीची गणितं दिली तर मान खाली घालतात आणि दुसऱ्या दिवशी वर्गातच येत नाहीत.

म्हणून मी कापरेकरांना वर्गात आणलं. आपल्या देवळालीतले गणिती द. रा. कापरेकर, १९३० ते १९६२ तिथल्या शाळेत मास्तर होते. फळ्यावर एवढंच सांगितलं: चार अंकी संख्या घ्या, चारही अंक सारखे नकोत. अंक उतरत्या क्रमाने लिहा, मग चढत्या, आणि वजा करा. उत्तर आलं की पुन्हा तेच. ३५२४ घेतली तर ५४३२ वजा २३४५, ३०८७. मग ८३५२. मग ६१७४, आणि तिथून पुढे हलतच नाही. कुठलीही संख्या घ्या, जास्तीत जास्त सात पायऱ्यांत ६१७४.

यातली गंमत मास्तरकीची आहे. कुणाचं दुसरंच काही आलं तर मला रागवावं लागत नाही, चूक कुठे झाली ते तो स्वतःच मागे जाऊन शोधतो. आणि शोधताना किती वजाबाक्या करतो हे त्याला कळतही नाही! एका मुलीने २१११ घेतली, आलं ९९९, मग शून्य. "मॅडम, तुमचा नियम खोटा." चार अंकी म्हणजे ०९९९ धरायचं, यावर वर्गात जे भांडण पेटलं ते मधली सुट्टी संपली तरी मिटेना. शून्याची जागा मी महिनाभर शिकवत होते, ती त्या भांडणात पोचली.

तुम्ही म्हणाल, त्याच कापरेकरांना निवृत्तीनंतर पेन्शन पुरेना म्हणून शिकवण्या कराव्या लागल्या. खरं आहे. आपल्याकडच्या बऱ्याच गणितज्ञांनी त्यांचं काम पोरखेळ ठरवलं, हेही खरं. १९७५ साली अमेरिकेत गणिताच्या गमतींवर लिहिणाऱ्या मार्टिन गार्डनरने त्यांच्यावर लिहिलं, तेव्हा जगाला नाव कळलं. याचं मला भूषण वाटत नाही, चीडच येते. पण मुलांना मी हेही सांगितलं. देवळाली एसटीने गाठता येते, हे त्यांना सगळ्यात जास्त आवडलं.

खरी अडचण दिवाळीनंतर सुरू होते. घरंच्या घरं द्राक्षाच्या कामाला दिंडोरी-निफाडकडे जातात आणि दहावीची मुलंही बरोबर. बोर्डाची परीक्षा फेब्रुवारी-मार्चमध्ये. मागच्या हिवाळ्यात एका मुलाला भेटायला मळ्यावर गेले, तर तो जीए कालवत होता, म्हणजे द्राक्षाचे घड ज्यात बुडवतात ते वाढीचं औषध. शंभर लिटरला एक ग्रॅम म्हणजे दहा पीपीएम (दहा लाखात दहा भाग), वीस हवं तर दोन ग्रॅम, टाकी दोनशेची असेल तर चार. तोंडी! आणि चाचणीत प्रमाणाचं गणित यानेच कोरं सोडलं होतं. तिथल्याच खोक्यावर बसून ते सोडवून घेतलं. यंदा सुट्टीच्या रविवारी मळ्यांवरच जायचं ठरवलंय. मुख्याध्यापकांनी हो म्हटलंय, एसटीचे पैसे मात्र माझे.

आई, लग्नाचं तू लिहिलंस त्याबद्दल आल्यावर बोलू. पापड पाठवू नकोस, अजून डबा भरलेला आहे. बाबा, प्रेसमधल्या तुमच्या मित्रांकडे एका बाजूने कोरे कागद असतील तर जमवून ठेवा, कच्च्या कामाला लागतात. आणि त्या क्लासवाल्यांचा फोन तुमच्याकडे आला तर "तिलाच विचारा" एवढंच सांगा.

तुमची,
माई