माजघरातलं पेव

अमळनेर,
आखाजीनंतरचा पाचवा दिवस

चि. भाऊस,
अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर तू फार तापला होतास म्हणून मी जास्त बोलले नाही. त्या माणसाने जळगावहून इंजिनिअर आणून घराचा सर्व्हे केला, चौदा मुद्द्यांचा कागद पाठवला आणि भावात चार लाख कमी करा म्हणाला. तुला वाटलं, त्याला घर घ्यायचंच नाही, नुसता भाव पाडायचाय. तू म्हणालास, सौदा मोडू, पुट्टी मारून रंग देऊ आणि दुसरं गिऱ्हाईक बघू.

बेटा, तो कागद मी तीनदा वाचला. कागद हातात धरून सगळं घर फिरले, धाब्यावर, म्हणजे मातीच्या छतावरसुद्धा जाऊन आले. त्यातलं पुष्कळ खरं आहे, थोडं चुकीचं आहे, आणि एका मुद्द्याचं कारण आपल्या घरात माझ्याखेरीज आता कुणालाच ठाऊक नाही. ते शेवटी सांगते.

आधी ओलीचं. पश्चिमेच्या भिंतीला गुडघ्यापर्यंत ओल आहे, मिठाचा लोणा लागलाय, पोपडे सुटलेत, असं त्याने लिहिलंय. ऐन वैशाखात ओल, म्हणजे ती पावसाची नाही, जमिनीतून चढलेली आहे. ही चूक आपलीच. ती भिंत माती-विटांची. पूर्वी तिच्यावर चुन्याचा गिलावा होता, आत मी स्वतः पोतारा घेत असे. जमिनीतून आलेलं पाणी त्यातून सुकून जायचं. 1998 साली सगळ्या गल्लीने सिमेंटचा गिलावा केला तसा आपणही केला, आणि पाणी आत कोंडलं. ते वर चढत राहिलं आणि भिंतीतलं मीठ बाहेर ढकलत राहिलं. अशा भिंतीला पुट्टी मारली तर ती पहिल्या पावसाळ्यापर्यंतही टिकणार नाही. वर त्या माणसाने भिंतीचे फोटो काढून नेलेत. आता रंग दिला तर तो उरलेल्या तेरा मुद्द्यांवरही आपला विश्वास धरणार नाही. म्हणून घराला ब्रश लावू द्यायचा नाही. गवंड्याला मी दाखवलं. कमरेपर्यंत सिमेंट खरवडायचं, चुन्याचा गिलावा करायचा आणि जोत्याबाहेर फरशीची नाली काढायची, याला तो 60,000 सांगतो. तो आकडा त्याच्याकडून कागदावर लिहून घेतलाय.

भेगांचं तू एकत्र धरलंस, पण भेगा दोन आहेत. न्हाणीची भेग उन्हाळ्यात बोटभर उघडते आणि पोळ्यापर्यंत मिटते. न्हाणी मागाहून जोडलेली, तिचा पाया काळ्या मातीतच थांबलाय. ही माती पाणी पिऊन फुगते, उन्हात आवळते, आणि न्हाणी तिच्याबरोबर वरखाली होते. हे मान्य करून टाकायचं. जिन्यावरची भेग मात्र जुनी आणि थांबलेली आहे. तुझ्या आप्पांनी 2011 साली तिच्यावर आडवी काचेची पट्टी प्लास्टरने चिकटवली होती. भिंत केसभर जरी हलली असती तरी काच तडकली असती. ती आजही अखंड आहे. इंजिनिअरने ती पाहिली नसावी, तिच्यावर जाळं धरलं होतं. मी पुसून ठेवलीय.

धाब्याचं त्याने फुगवून लिहिलंय, तेही न बघता. माळवदावर फूटभर माती असेल असं धरून 'भार धोकादायक' म्हटलंय. बहुतेक धाब्यांचं तसंच असतं हे खरं. दरसाल पावसाच्या आधी नवी खारी माती टाकायची आणि जुनी काढायची नाही, असं पिढ्यान् पिढ्या चालतं. दाबलेल्या मातीचं एक घनफूट साधारण 45 किलो भरतं. आपलं माजघर 12 बाय 20, म्हणजे फूटभर मातीचे जवळपास 11 टन तुळयांवर. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे किल्लारीला भूकंप झाला, दगडमातीच्या भिंती आणि वरची माती झोपलेल्या माणसांवर आली. ते फोटो पेपरात पाहिले आणि आप्पांना झोप येईना. त्याच दिवाळीत माणसं लावून त्यांनी निम्मी माती खाली उतरवली. तू तेव्हा त्या ढिगावर खेळायचास. आता तिथे सहा इंचच थर आहे. यावर वाद घालत बसू नकोस. इंजिनिअरला धाब्यावर ने, कोपऱ्यात एक भोक पाड आणि पट्टी घालून मोज म्हणावं.

वाळवी आहे, पण एकाच तुळईच्या टोकाला, जिथे ती ओल्या भिंतीत शिरते तिथे. दाभण दोन बोटं आत जातं. बाकीच्या तुळया मी स्वतः टोचून पाहिल्या, दाभण वाकतं पण शिरत नाही. 'लाकूड जुने' म्हणून त्याने पैसे कापलेत, तिथे मात्र एक रुपयाही सोडायचा नाही. जुनं सागवान आज लोक शोधत येतात. वायरिंग जुनी आहे, अर्थिंग नाही, ते सरळ कबूल कर.

कागदपत्रांवर त्याने बोट ठेवलं तेही बरोबरच आहे. मिळकत पत्रिकेवर अजून तुझ्या आजोबांचं नाव आहे. वारस नोंद राहिली हा आपला आळस. धुळ्याच्या आणि शिरपूरच्या आत्यांशी मी बोलले. हक्कसोड मागायचं नाही. दोघी खरेदीखतावर सह्या करतील आणि त्यांचा वाटा त्यांच्या हातात जाईल. घराच्या उंबऱ्याला पाणी त्यांनीही घातलंय.

आता जमिनीचं. मुद्दा अकरा: 'माजघरात फरशी खचलेली, कारण समजत नाही.' कारण मला ठाऊक आहे. तिथे खाली पेव आहे. दोन पुरुष खोल, वर तोंडाला दगड. आजोबा त्यात ज्वारी साठवत. 1972 च्या दुष्काळात त्यातली शेवटची ज्वारी वर काढली, त्यानंतर ते कधी भरलं नाही. मी लग्न होऊन आले तेव्हा ते नुसतंच रिकामं होतं. तू रांगायला लागलास आणि मला रात्रंदिवस धास्ती वाटायला लागली, म्हणून मीच हट्ट धरून ते बुजवून घेतलं. घाई होती, त्यामुळे जुन्या भिंतीची माती आणि विटांचे तुकडे तसेच आत लोटले. पाणी घातलं नाही, धुमसून दाबलं नाही, आणि वर शहाबादी फरशी बसवली. ती माती आता बसतेय.

तू म्हणशील, इंजिनिअरला सापडलं नाही तर आपण कशाला सांगायचं? वकीलसाहेबांना मी विचारलं. 1882 च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्यात कलम 55 आहे. विकणाऱ्याला ठाऊक असलेला, घेणाऱ्याला ठाऊक नसलेला आणि नेहमीची काळजी घेऊनही न दिसणारा मोठा दोष विकणाऱ्याने सांगायलाच हवा, नाही सांगितला तर ती फसवणूक धरतात. पण कायदा नसता तरी मी सांगितलंच असतं. त्या माणसाची म्हातारी आई त्या दिवशी बरोबर आली होती. नेमकी त्याच फरशीवर बसली आणि म्हणाली, "माय, घर चांगलं शे, पन आठे ओल कसानी शे?" तिची खाट उद्या तिथेच पडणार आहे.

काल संध्याकाळी मी त्याला फोन करून पेवाचं सगळं सांगितलं. तो बराच वेळ गप्प होता. मग त्याने विचारलं, दुरुस्त कसं करायचं? फरशी उचलायची, भर काढायची आणि अर्ध्या-अर्ध्या फुटाच्या थराने मुरूम टाकत पाणी मारून धुमसायचं, असं गवंड्याने मला सांगितलं होतं, तेच मी सांगितलं.

तर असं कर. चौदा मुद्द्यांवर चौदा वेळा घासाघीस करू नकोस, एकच आकडा सांग. ओल, पेव, एक तुळई आणि वायरिंग मिळून 1,75,000 कमी. दुरुस्ती आपण करून द्यायची नाही. त्याच्या पैशाने, त्याच्या गवंड्याकडून, त्याच्या डोळ्यांसमोर होऊ दे. साठेखतात, म्हणजे खरेदीआधीच्या करारात, हे चारही दोष नावानिशी लिहायचे आणि ते समजून घर घेतलं असं त्याने म्हणायचं, म्हणजे पुढे कुणी कुणाला बोलायला नको. तो कर्ज काढतोय, बँकेचा माणूस घर बघायला येईलच, त्यालाही हेच दिसणार आहे. आणि दुसरं गिऱ्हाईक आलं तरी त्याचा इंजिनिअर हेच लिहील.

शनिवारी सकाळी दहाला तो इंजिनिअरला घेऊन येतोय. तू शुक्रवारी रात्रीच निघ. येताना कपाटातली आप्पांची लाल वही आण, काच चिकटवल्याची तारीख तिच्यात आहे.

तुझी,
आई