जिथे कुणाची समजूत घालावी लागत नाही

प्रिय सखे,

तुझं पत्र वाचलं. "हल्ली मनातलं कुणाशी बोलतेस?" असं तू विचारलंस. याचं उत्तर फोनवर दोन वाक्यांत उरकायचं नव्हतं, म्हणून आज निवांत लिहायला बसले.

आम्ही काही जणी आठवड्यातून एकदा भेटतो. सगळ्यांना कॅन्सर आणि सगळ्यांच्या पदरी लहान मुलं. सोबत एक समुपदेशक ताई असतात. घरी मी खरं बोलायला लागले की समोरच्याचा चेहरा उतरतो आणि मग मीच त्याला धीर देत बसते. आईला, नवऱ्याला, सासूबाईंनासुद्धा. तिथे कुणाची समजूत घालावी लागत नाही. "स्कॅन जवळ आला की मी मुलांवर उगाच खेकसते," असं म्हटलं तर बाकीच्या नुसत्या माना हलवतात. "पॉझिटिव्ह राहा" असं कुणी म्हणत नाही. या दोन शब्दांनी मला किती छळलंय, तुला ठाऊक आहे. बाई रडली म्हणून तिचा आजार वाढेल, असं तिला बजावणं मला क्रूरपणाच वाटतो.

गटात जाऊन आयुष्य वाढतं का, हे मीही पहिल्याच दिवशी विचारलं होतं. ताईंनी आडपडदा ठेवला नाही. अमेरिकेतले मानसोपचारतज्ज्ञ डेव्हिड स्पीगल यांच्या १९८९ सालच्या अभ्यासात, स्तनाचा कॅन्सर पसरलेल्या ज्या बायका अशा गटात गेल्या त्या जास्त जगल्या, असं दिसलं होतं. पण २००१ मध्ये कॅनडातल्या मोठ्या चाचणीत आयुष्य वाढलेलं आढळलं नाही. मनाचा त्रास आणि वेदना मात्र कमी झाल्या, विशेषतः ज्या आधीच फार खचलेल्या होत्या त्यांच्या. मला एवढं पुरे आहे. आजाराशी लढायचं काम औषधांचं.

आणि किती साध्या गोष्टी तिथे कळतात! केमोनंतर साधारण सात ते चौदा दिवसांत रक्तातल्या, जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी सगळ्यात कमी होतात. तेव्हा ताप १००.४ फॅरनहाइटला पोचला की सकाळची वाट न बघता तडक हॉस्पिटल गाठायचं, हे डॉक्टरांनी सांगितलंच होतं. पण रात्री दोन वाजता मुलं झोपलेली असताना निघायचं कसं, हे एका आईने शिकवलं. बॅग भरून दाराशी ठेवायची. रात्री कोण येऊन थांबणार ते आधीच ठरवायचं, आणि मुख्य म्हणजे मुलांनाही सांगून ठेवायचं, "सकाळी उठल्यावर मी दिसले नाही तर मावशी असेल. मी दवाखान्यात असेन, आणि तुमच्याशी फोनवर बोलेन." माझ्यावर ती वेळ आली तेव्हा धाकटी रडली नाही. मावशीला म्हणाली, "मला माहितीये, ताप आला असेल."

धाकटीशी आजाराविषयी बोलायचं बळही मला या बायकांनीच दिलं. लहान मुलांना वाटतं, आपण हट्ट केला, आईवर चिडलो, म्हणून ती आजारी पडली. ती विचारत नाहीत, मनात धरून बसतात. म्हणून मी तिला जवळ घेऊन आजाराचं नाव सांगितलं. हा तुझ्यामुळे झाला नाही, मला बिलगलीस तर तुला होणार नाही, हेही सांगितलं. ती बराच वेळ माझ्या गळ्याखाली केमोसाठी कातडीआड बसवलेल्या पोर्टवरून बोट फिरवत राहिली. मग म्हणाली, "मी त्या दिवशी ओरडले होते ना, त्याच्यामुळे पण नाही?" अगं, हे ओझं घेऊन ती किती दिवस वावरत होती कोण जाणे.

सगळंच सोपं नाही. आमच्यातली एक जण गेली. पुढच्या भेटीला जायला पाय उचलत नव्हते. गेले, तर सगळ्या तिच्याविषयीच बोलत होत्या, तिचं नाव घेऊन, तिच्या मुलांची चौकशी करत. काही जणी मुलांच्या पुढच्या वाढदिवसांसाठी पत्रं लिहून ठेवतात. माझा हात त्याला धजत नाही. सध्या थोरल्याचे पाढे पक्के करून घेण्यात माझा जीव जास्त रमतो.

"काही लागलं तर सांग," असं तू नेहमी म्हणतेस. तर सांगते. पुढच्या केमोनंतरचे दोन गुरुवार मुलांना शाळेतून आणशील का? आणि त्या आठवड्यात रात्री फोन जवळ ठेवशील? मावशी गावाला जाणार आहे, तेव्हा रात्री येऊन थांबायला तुझं नाव लिहू का, एवढं कळव.

तुझीच