गोंधळ कोणाचा, हे तपासूनच छापावे

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

फुटबॉलच्या मोठ्या सामन्याला गालबोट लागले की दुसऱ्याच दिवशी ‘चाहत्यांचा धुडगूस’ अशा मथळ्याखाली सारा दोष प्रेक्षकांच्या माथी मारला जातो. चौकशी पूर्ण व्हायला महिने, कधी वर्षेही लागतात आणि तिचा निष्कर्ष मात्र आतल्या पानावर चार ओळींत उरकला जातो. या प्रथेविरुद्ध माझी तक्रार आहे.

पॅरिसमध्ये २८ मे २०२२ रोजी इंग्लंडचा लिव्हरपूल आणि स्पेनचा रिआल माद्रिद या क्लबांमधील चॅम्पियन्स लीग या युरोपीय स्पर्धेचा अंतिम सामना ३६ मिनिटे उशिरा सुरू झाला, तेव्हा चाहते उशिरा आल्यामुळे विलंब होत असल्याची सूचना मैदानातील पडद्यावर झळकली आणि पुढे फ्रान्सच्या गृहमंत्र्यांनी हजारो बनावट तिकिटांकडे बोट दाखवले. प्रत्यक्षात असंख्य प्रेक्षक खरी तिकिटे घेऊन, वेळेच्या बरेच आधी येऊन, प्रवेशद्वारांबाहेर दाटीवाटीने खोळंबले होते आणि पोलिसांनी त्यांच्यावरच अश्रुधूर सोडला. स्पर्धा भरवणारी युरोपीय फुटबॉल संघटना युएफा हिने स्वतः नेमलेल्या स्वतंत्र समितीने फेब्रुवारी २०२३ मध्ये मुख्य जबाबदारी युएफाचीच असल्याचा निर्वाळा दिला.

इंग्लंडमधील शेफील्डच्या हिल्सबरो मैदानाचे उदाहरण याहून क्लेशदायक आहे. १५ एप्रिल १९८९ रोजी लिव्हरपूल आणि नॉटिंगहॅम फॉरेस्ट यांच्यातील एफए चषक या इंग्लिश स्पर्धेच्या उपांत्य सामन्यात झालेल्या चेंगराचेंगरीने ९७ जणांचा बळी घेतला. चारच दिवसांनी एका ब्रिटिश वृत्तपत्राने, लिव्हरपूलच्या चाहत्यांनी मृतांचे खिसे साफ केले, असा धादांत खोटा आरोप पहिल्या पानावर छापला. या दुर्घटनेत चाहत्यांचा दोष नव्हता, असा ज्यूरीचा निर्णय यायला २०१६ साल उजाडावे लागले. तोवर कित्येक आईवडील हा कलंक पुसण्यासाठी झगडता झगडता निघून गेले. त्या दुःखाच्या दिवसांत लिव्हरपूल शहरातलाच कट्टर प्रतिस्पर्धी क्लब असलेल्या एव्हर्टनचे चाहतेही पुढे सरसावले आणि दोन्ही संघांच्या रंगांचे लाल-निळे स्कार्फ एकमेकांना बांधून एव्हर्टनच्या गुडिसन पार्क मैदानापासून लिव्हरपूलच्या अ‍ॅनफिल्डपर्यंत साखळी केली गेली. दुर्घटनेनंतर पाच आठवड्यांनी हेच दोन संघ त्याच चषकाच्या अंतिम सामन्यात भिडले आणि लिव्हरपूलने जादा वेळेत ३-२ असा विजय मिळवला. अशी चुरस आणि अशी माणुसकी एकाच शहरात, एकाच वेळी नांदू शकते, हे वाचकांना कोण सांगणार?

चाहते नेहमीच निरपराध असतात, असे मी म्हणत नाही. १९८५ मध्ये ब्रुसेल्सच्या हेसेल मैदानावर लिव्हरपूलच्या चाहत्यांच्या एका गटाने इटलीच्या युव्हेंटस संघाच्या बाजूच्या प्रेक्षकांवर चाल केली, भिंत कोसळली, ३९ जण दगावले आणि पुढे १४ जण सदोष मनुष्यवधाच्या गुन्ह्यात दोषी ठरले. युरो या युरोपीय देशांच्या स्पर्धेच्या २०२१ मधील अंतिम सामन्याला लंडनच्या वेम्ब्ली मैदानात विनातिकीट लोक झुंडीने घुसले आणि इंग्लंड हरल्यावर पेनल्टी हुकलेल्या रॅशफर्ड, सँचो व साका या इंग्लंडच्याच खेळाडूंना गलिच्छ वर्णद्वेषी शिवीगाळ झाली. हे लाजिरवाणेच होते. परंतु मँचेस्टरमधील रॅशफर्डच्या विद्रूप केलेल्या भित्तिचित्रावर दुसऱ्याच दिवशी आपुलकीच्या चिठ्ठ्या चिकटवून शिव्या झाकणारेही चाहतेच होते.

म्हणून विनंती अशी की, कारण स्पष्ट नसेल तर पहिल्या दिवशी तसेच छापावे, दोष एका गटाचा असेल तर त्या गटापुरताच लिहावा आणि चौकशीचा निष्कर्ष आला की त्याला पहिल्या बातमीइतकीच जागा द्यावी.

आपला,
एक नियमित वाचक