शिवणयंत्र भंगारात देण्याआधी

महोदय,

गणपतीआधीच्या साफसफाईत कोकणातल्या घरांतून बिडाची जुनी शिवणयंत्रे किलोवर भंगारात जातात. चाक फिरत नाही म्हणजे यंत्र संपले, हा समज चुकीचा आहे. हाताशी असते म्हणून यंत्रात खोबरेल घालतात. ते जुने होऊन चिकट होते आणि आतले दांडे जखडतात. खाऱ्या हवेचा गंज वेगळाच.

चाकाला जोर लावू नये. मोटर असल्यास उतरवावी. सुई, बॉबिन केस (खालच्या दोऱ्याची डबी) काढून प्रत्येक तेलछिद्रात आणि खालच्या सांध्यांत रॉकेलचे दोन-तीन थेंब सोडावेत. रात्रभर मुरल्यावर चाक हळूहळू पुढेमागे हलवावे. मोकळे झाले की रॉकेल पुसून शिलाई मशीनचेच पातळ तेल द्यावे. नुसत्या रॉकेलवर चालवल्यास सांधे झिजतात. सोनेरी वेलबुट्टीला स्पिरिट किंवा पॉलिश पेपर लावूच नये, ती परत येत नाही.

कापडाखाली दोऱ्याची वेटोळी दिसली की बॉबिन केसचा स्क्रू पिळला जातो. दोष बहुधा वर असतो: वरच्या दोऱ्याला ताण देणाऱ्या टेन्शनच्या चकत्यांत भुगा किंवा गंज अडकलेला असतो. मलमलीला ११ नंबरची सुई, पॉपलिनला १४. सुईची लांब खाच दोरा ओवण्याच्या बाजूला हवी. पावसाळ्यात चामडी पट्टा सैल पडतो, तो थोडा कापून पुन्हा जोडावा.

जिल्ह्यातील आयटीआयनी मे महिन्यात या दुरुस्तीची शिबिरे घ्यावीत, ही कळकळीची विनंती.

– शिवणकाम करणाऱ्या काही वाचक, रत्नागिरी