बेक केलेले फ्रिटर म्हणजे ओव्हनमधली भजी नव्हेत

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या दैनिकाच्या गेल्या रविवारच्या पुरवणीत ‘तेलाचा थेंबही न वापरता ॲपल फ्रिटर्स’ (फ्रिटर म्हणजे एरवी पिठात घोळवून तळलेले सफरचंद) अशी पाककृती प्रसिद्ध झाली. माझ्या धाकट्या जावेने तिच्या घरी आणि मी माझ्या घरी, एकमेकींना न सांगता, त्याच संध्याकाळी ती करून पाहिली आणि दोघींच्याही ट्रेमध्ये एकच प्रकार घडला. पीठ सफरचंदाच्या चकत्यांवरून ओघळून खाली पसरले, कडेला करपले, मध्ये चिकट राहिले आणि उघड्या पडलेल्या चकत्या सुकून चामट झाल्या. आधी आम्ही आपापल्या हाताला दोष दिला. परंतु फोनवर बोलताना दोघींचीही तक्रार शब्दशः सारखी निघाली, तेव्हा दोष हाताचा नसून कृतीचा आहे हे लक्षात आले. त्या कृतीत नेमके काय चुकले आणि ती बेतशीर कशी करता येईल, हे सांगण्यासाठी हे पत्र लिहीत आहे.

पुरवणीतील कृतीत मैदा, दूध व साखर यांचे भज्यांच्या पिठाइतके सैल पीठ भिजवून, त्यात चकत्या बुडवून, त्या ट्रेवर मांडून १८० अंशांवर दहा मिनिटे भाजाव्यात असे म्हटले आहे. ही मुळात तळणाची कृती आहे. फक्त कढईच्या जागी ओव्हन हा शब्द घातला आहे. ‘फ्रिटर’ या शब्दाचे मूळच लॅटिनमधील ‘तळणे’ या अर्थाच्या क्रियापदात आहे. इंग्लंडचा राजा दुसरा रिचर्ड याच्या मुदपाकखान्यातील आचाऱ्यांनी १३९०च्या सुमारास सिद्ध केलेल्या ‘फॉर्म ऑफ क्युरी’ या पाककृतिसंग्रहात सफरचंद व कंदमुळे पीठ, अंडी आणि एल नावाची बिअर यांच्या मिश्रणात (त्यात चक्क केशरही आहे) बुडवून तेलात किंवा चरबीत तळायला सांगितले आहे. म्हणजे सहाशे वर्षांहून अधिक काळ हा पदार्थ तळणाचाच राहिला आहे. तो बेक करू नये असे माझे म्हणणे नाही. मी स्वतः तो बेकच करते. मात्र बेक करायचा तर पीठ बदलावे लागते.

याचे कारण सोपे आहे. ओव्हनही १८० अंशांचा आणि कढईतले तेलही १८० अंशांचे, मग फरक काय पडतो, असे जावेने मला विचारले. ट्रे फिरवण्यासाठी आपण तापलेल्या ओव्हनमध्ये क्षणभर हात घालतो, त्याच तापमानाच्या तेलात बोटही घालण्याची कोणाची छाती होणार नाही. हवा उष्णता फार सावकाश पोचवते, तेल ती सर्व बाजूंनी एकदम पोचवते. तेलात पडताक्षणी भज्याच्या पृष्ठभागावरील पाणी उकळून बाहेर पडू लागते, काही क्षणांतच वर कवच धरते आणि सैल पिठाला आकार मिळतो. ओव्हनमध्ये हे कवच धरायला काही मिनिटे लागतात आणि तोवर सैल पीठ उताराला लागलेले असते. म्हणूनच करंजी किंवा शंकरपाळे ओव्हनमध्ये बऱ्यापैकी होतात, कारण मोहन घातलेले त्यांचे घट्ट पीठ स्वतःचा आकार स्वतः धरून असते. पण भजी किंवा जिलबी तिथे होत नाही, कारण तिला आकारच मुळी गरम तेला-तुपात मिळतो. (दिवाळी तोंडावर आली आहे आणि सगळ्याच पुरवण्यांतून बेक केलेला फराळ आता दिसू लागेल, म्हणून हे मुद्दाम लिहिले.)

बेक केलेल्या फ्रिटरला जवळचा नमुना हवा असेल तर तो भज्यांच्या जातीचा नव्हे. मुलाकडे मिशिगनला असताना शरद ऋतूत तिथल्या सफरचंदाच्या बागांत जाणे झाले. बागेतच सफरचंदाचा रस काढणारी गिरणी असते आणि तिथे रसाबरोबर गरम डोनट मिळतात. डोनटच्या दुकानांतून ज्याला ‘ॲपल फ्रिटर’ म्हणतात त्यात चकती नसतेच. यीस्टने फुगवलेल्या पिठात दालचिनी लावलेल्या सफरचंदाच्या फोडी मिसळून ओबडधोबड गोळे तळलेले असतात आणि वर साखरेचा पातळ लेप असतो. घरी बेक करण्यासाठी मी हाच ओबडधोबड आकार घेतला, मात्र यीस्टऐवजी बेकिंग पावडर वापरून, म्हणजे तास-दीड तास पीठ फुगण्याची वाट पाहावी लागत नाही.

माझे प्रमाण दहा नगांचे आहे. २०० ग्रॅम मैद्यात दोन चहाचे चमचे बेकिंग पावडर, एक चमचा दालचिनीची पूड आणि ५० ग्रॅम साखर मिसळावी. त्यात फ्रिजमधून काढलेल्या ६० ग्रॅम थंड बटरचे तुकडे घालून, आपण करंजीच्या पिठाला मोहन चोळतो तसे, पण हलक्या हाताने, बोटांच्या टोकांनी चोळावे; पीठ जाडसर रव्यासारखे दिसू लागले की थांबावे. पाकिटातले बटर खारे असल्यास वेगळे मीठ नको. मग एक अंडे आणि ९० मिलिलिटर थंड दूध एकत्र फेटून ओतावे व चमच्याने जेमतेम एकजीव करावे. घोटत बसल्यास मैद्याला चिवटपणा येतो. अंडे चालत नसेल तर ८० ग्रॅम दही आणि ७० मिलिलिटर दूध घ्यावे. रंग थोडा फिका येतो, चवीत मात्र मला दह्याचेच अधिक आवडतात. हे पीठ इडलीच्या पिठापेक्षा बरेच घट्ट हवे: चमच्यातून आपोआप पडू नये, बोटाने ढकलावे लागावे.

खरी गोम आहे ती सफरचंदात. सफरचंदात सुमारे ८५ टक्के पाणी असते आणि साखर लागताच ते सुटू लागते; त्यामुळे कच्च्या फोडी पिठात मिसळून पाच-दहा मिनिटे जरी गेली तरी घट्ट भिजवलेले पीठ सैल होऊन बसते. म्हणून दोन मध्यम सफरचंदांची साल व बिया काढून (साधारण २८० ग्रॅम गर उरतो) त्याच्या एक सेंटिमीटरच्या फोडी कराव्यात आणि १५ ग्रॅम बटर, दोन मोठे चमचे साखर व अर्ध्या लिंबाचा रस घालून पसरट पॅनमध्ये, झाकण न ठेवता, मध्यम आचेवर परताव्यात. आधी पाणी सुटते, मग आटते. फोडींना चमक आली आणि पॅनमध्ये पळीने ओढलेली रेघ कोरडी राहिली की उतरवाव्यात. त्यानंतर त्या ताटात पसरून पूर्ण गार कराव्यात. ही पायरी घाईत गाळू नये. कोमट फोडींनी पिठातले बटर विरघळते आणि गोळे पुन्हा पसरतात. हे मी एकदा भोगले आहे.

फळ कोणते घ्यावे याविषयी पुरवणीत ‘लाल, गोड सफरचंद’ असे लिहिले आहे, त्याबद्दलही दोन शब्द. आपल्याकडे गाडीवर मिळणारे लाल सफरचंद बहुधा डेलिशियस वंशाचे असते. ही मूळची अमेरिकेतील आयोवाची जात अमेरिकेतून येऊन हिमाचलात स्थायिक झालेल्या सॅम्युअल ऊर्फ सत्यानंद स्टोक्स यांनी शंभरेक वर्षांपूर्वी शिमल्याजवळच्या कोटगढ भागात आणली आणि हिमाचलचे अर्थकारण तिने बदलून टाकले. तिचा मान मोठा आहे, पण भाजण्यासाठी ती उत्तम नव्हे. तिच्यात आंबटपणा कमी असतो, आणि फळ बराच काळ साठवणीत राहिले की पेशींना धरून ठेवणारे पेक्टिन सैल होते, मग कच्चे खाताना पिठूळ लागणाऱ्या फोडींचा परतल्यावर लगदा होतो. सध्या काश्मीरचा नवा माल आला आहे, तोवर लाल सफरचंद लिंबू घालून चालते. पिवळे गोल्डन मिळाले तर ते अधिक बरे, कारण शिजूनही त्याची फोड बऱ्यापैकी टिकते. हिरवे ग्रॅनी स्मिथ आंबट आणि टणक असल्याने सर्वांत चांगले, पण ते परदेशी आणि महाग; दोन नगांसाठी तेवढा खर्च मला जिवावर येतो, म्हणून मी एक हिरवे व एक पिवळे असे मिसळते. उन्हाळ्याच्या तोंडाशी शीतगृहातून येणारी सफरचंदे मात्र या पदार्थासाठी घेऊच नयेत.

गार झालेल्या फोडी पिठात दोन-तीन वेळा खालून वर करून मिसळाव्यात आणि मोठ्या चमच्याने ट्रेवर अंतर राखून दहा गोळे टाकावेत. वरून चपटे किंवा गुळगुळीत करू नयेत, कारण तेच उंचवटे आधी तांबूस होऊन कुरकुरीत लागतात. आपल्याकडे सरसकट ‘बटर पेपर’ म्हणून जे मिळते त्यातले काही कागद चिकटतात. त्याला तुपाचा हात लावावा. गोळ्यांवर वितळलेले बटर लावून किंचित साखर भुरभुरावी. भाजण्यासाठी १८० नव्हे, २०० अंश हवेत, आणि ओव्हन किमान पंधरा मिनिटे आधी तापलेला हवा. ओटीजी (टोस्टर-ग्रिलची सोय असलेला विजेचा छोटा ओव्हन) असल्यास वरची व खालची अशा दोन्ही सळ्या चालू ठेवून ट्रे मधल्या खणात ठेवावा. १८ ते २० मिनिटे लागतात. माझ्या ओटीजीचा काटा २०० दाखवतो तेव्हा आत ठेवलेला तापमापक १८५च्या आसपास असतो. घरोघरच्या ओव्हनचे असे काही ना काही असतेच, तेव्हा घड्याळापेक्षा तळाच्या रंगावर विसंबावे. साध्या मायक्रोवेव्हमध्ये, कन्व्हेक्शनची (गरम हवा खेळवून भाजण्याची) सोय नसेल तर, हा पदार्थ होत नाही. पृष्ठभाग तांबूस होण्याइतका तापतच नाही.

वरचा लेप १०० ग्रॅम पिठीसाखर आणि दीड ते दोन मोठे चमचे दूध यांचा. घरी मिक्सरवर दळलेली साखर दोनदा चाळून घ्यावी, नाहीतर ती दाताखाली कचकचते. गोळे कोमट असतानाच त्यांवर हा लेप ओतावा, म्हणजे तो खाचांतून उतरून पातळ पापुद्र्यासारखा सुकतो. हे फ्रिटर त्याच दिवशी खावेत. आतल्या फळाच्या ओलाव्याने दुसऱ्या दिवशी कवच मऊ पडते. पाच मिनिटे गरम ओव्हनमध्ये ठेवले तर थोडे सावरते, पण लेप वितळतो.

आता ज्या वाक्यामुळे मी खरोखर अस्वस्थ झाले त्याकडे वळते. कृतीच्या शेवटी ‘तळलेले नसल्याने मधुमेहींनीही निर्धास्त खावेत’ असे छापले आहे. वर दिलेल्या प्रमाणाचा मी हिशेब मांडला: मैदा, साखर, बटर, फळ, अंडे, दूध आणि लेप मिळून सुमारे २२०० किलोकॅलरी होतात, म्हणजे एका नगाला २२०. त्यात लेपाचाच वाटा ४० आहे. लेप गाळला, साखर निम्मी केली, तरी मैदा तसाच राहतो, आणि रक्तातील साखरेचा प्रश्न मुख्यतः मैदा व साखरेचा आहे, तळणाचा नव्हे. ओव्हनमुळे कढईभर तेल वाचते, तळणीजवळ उभे राहावे लागत नाही, दहाही नग एकदम तयार होतात आणि उरलेल्या तेलाचे काय करायचे हा प्रश्न उरत नाही. हे फायदे खरे आहेत आणि सांगण्यासारखेही आहेत. पण माझ्या घरात मधुमेहाची गोळी घेणारी दोन माणसे आहेत आणि छापील शब्दावर त्यांचा माझ्यापेक्षा अधिक विश्वास आहे. त्या रविवारी ट्रे बिघडला म्हणून बरे झाले, एरवी दोघांनी तीन-तीन खाल्ले असते.

पाककृतींत वाट्या-चमच्यांबरोबर वजनही द्यावे आणि ज्या उपकरणासाठी कृती दिली आहे त्यात ती एकदा करून पाहावी, अशी पुरवणी विभागाला माझी सूचना आहे. तूर्त निदान मधुमेहासंबंधीचे ते वाक्य तरी येत्या रविवारी त्याच पानावर, त्याच आकाराच्या अक्षरांत दुरुस्त करून छापावे, ही विनंती.

कळावे,
आपली नियमित वाचक,
एक गृहिणी, नाशिक